विश्लेषण : गाडीतला आवाज कमी करताना ओल तर कोंडत नाही ना?

कल्याण-बदलापूर मार्गावर उल्हासनगर ते अंबरनाथ या पट्ट्यात गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजची दुकाने जागोजागी दिसतात. नवी गाडी घरी आली की पूजेनंतरचा पहिला फेरा बहुधा तिथेच होतो. सीट कव्हर, फूटमॅट, काचेची फिल्म यांच्या जोडीला अलीकडे 'साउंडप्रूफिंग' हा शब्दही कानावर पडतो. शहरभर सुरू असलेली कामे, काँक्रीटचे रस्ते, घाटातला पाऊस आणि रोजचा दीड-दोन तासांचा प्रवास यामुळे गाडीत शांतता हवीशी वाटणे साहजिक आहे. मात्र ज्या भागात पावसाळ्यात नदी पार्किंगपर्यंत येते, तिथे गाडीच्या तळाशी काय चिकटवायचे हा फक्त आवाजाचा प्रश्न राहत नाही. गंज, कुबट वास, विजेच्या तारा आणि आगीचा धोका हे सारे त्याला जोडलेले आहे. त्यामुळे खर्च करण्याआधी कोणते साहित्य नेमके काय काम करते, हे समजून घेतलेले बरे.

गाडीत आवाज येतो कुठून?

गाडीतला गोंगाट एकच वाटत असला तरी त्याचे उगम वेगवेगळे असतात. इंजिनाची घरघर ही साधारण २०० हर्ट्झच्या खालची, जाडसर असते. टायर आणि रस्त्याच्या घर्षणाचा आवाज १,००० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक जाणवतो. वाऱ्याची शीळ त्याहून वरच्या पट्टीतली असते आणि ती वेग वाढला की वाढते. यातला काही आवाज हवेतून, म्हणजे फटी आणि काचांमधून आत येतो. काही सस्पेन्शनमार्फत पत्र्यात शिरतो आणि पत्राच ढोलाच्या कातड्यासारखा थरथरू लागतो.

डांबरी रस्त्यापेक्षा काँक्रीटच्या रस्त्यावर टायरचा आवाज सहसा जास्त येतो. पाणी निघून जावे आणि पकड राहावी म्हणून काँक्रीटवर आडव्या रेघा काढलेल्या असतात आणि ठरावीक अंतरावर सांधे असतात. 'पूर्वी गाडी एवढी वाजत नव्हती' ही तक्रार म्हणूनच अनेकदा गाडीची नसून रस्त्याची असते. दुसरे कारण झिजलेले टायर. टायर वेडेवाकडे झिजले किंवा चाकाचे बेअरिंग गेले तर अख्खी गाडी घुमते आणि त्यावर आतून कितीही थर लावले तरी मूळ दोष जात नाही. उलट बेअरिंगचा इशारा देणारा आवाज दबतो आणि दुरुस्ती लांबते. त्यामुळे पहिला खर्च टायरमधली हवा, अलाइनमेंट आणि बेअरिंगच्या तपासणीवर व्हायला हवा.

'साउंडप्रूफिंग' म्हणजे नेमके काय?

दुकानात एकाच शब्दाखाली तीन वेगळी कामे विकली जातात. ती समजायला अंबरनाथच्या शिवमंदिरात जावे. देवळाची घंटा वाजवली आणि लगेच तिच्यावर तळहात ठेवला तर नाद तुटतो. हाताने आवाज अडवला नाही, धातूची थरथर शोषली. याला डॅम्पिंग म्हणतात. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० च्या या शिलाहारकालीन मंदिराच्या खोलगट गाभाऱ्यात पायऱ्या उतरून गेले की बाहेरचा गलका एकदम मागे पडतो. ते काम दगडाच्या वजनाचे आहे. जड आणि सलग भिंत आवाज अडवते. तिसरे उदाहरण घरचे. सामान हलवलेल्या रिकाम्या खोलीत बोलणे घुमते, तेच गाद्या-पडदे असलेल्या खोलीत घुमत नाही. तिथे मऊ आणि सच्छिद्र वस्तू आतला आवाज शोषतात.

गाडीतही हेच तीन प्रकार आहेत. पत्र्याला चिकटणारी ब्युटाइल रबराची किंवा डांबरी शीट थरथर कमी करते. जड व्हिनाइलचा लवचीक थर आवाज अडवतो. नमदा, म्हणजे ज्याला दुकानात फेल्ट म्हणतात तो, आणि फोम आवाज शोषतात. एकाचे काम दुसरा करू शकत नाही. अर्धा इंच स्पंज लावून इंजिनाची घरघर थांबेल असे कुणी सांगत असेल तर ते भौतिकशास्त्राच्या विरुद्ध आहे. १०० हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते, १,००० हर्ट्झच्या लहरीची ३४ सेंटिमीटर. शोषक थर चांगला चालायचा तर त्याची जाडी लहरीच्या लांबीच्या पाव भागाच्या जवळ जावी लागते. एक सेंटिमीटरचा फोम त्यामुळे वरच्या पट्टीतल्या आवाजाचाच काही भाग शोषतो, खालच्या पट्टीला तो जवळजवळ पारदर्शक असतो.

ब्युटाइल की डांबरी शीट?

थरथर कमी करणाऱ्या शीटचे बाजारात दोन मुख्य प्रकार मिळतात. ब्युटाइल रबराच्या शीटवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. पत्रा थरथरला की गाडीचा पत्रा आणि वरचे अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये रबर ताणले जाते, कंपनाची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि आवाज मरतो. दुसरा प्रकार डांबरी शीटचा. तो स्वस्त असतो, कारखान्यात गाडीच्या तळाला डांबरी थर वितळवून बसवण्याची पद्धतही जुनी आहे. पण कारखान्यात भट्टीत बसवलेला थर आणि गॅरेजमध्ये हाताने चिकटवलेली शीट यात फरक आहे.

बदलापूर-अंबरनाथ भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी उन्हात बंद उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. अशा तापमानात हलक्या प्रतीची डांबरी शीट मऊ पडते, दरवाजासारख्या उभ्या जागेवरून घसरते आणि तिचा वास आत पसरतो. टपावर आणि दरवाजात म्हणूनच डांबरी शीट टाळावी. ब्युटाइल महाग पडते, पण उष्णतेत अधिक टिकते.

बाजारात ब्युटाइलच्या नावाखाली डांबर मिसळलेला मालही खपतो. तो ओळखण्याच्या साध्या खुणा आहेत. कोपरा बोटांत धरून ताणला तर ब्युटाइल च्युइंगमसारखे लांबते, डांबर तुटते. घासलेटासारखा किंवा नव्या रस्त्यासारखा उग्र वास येत असेल तर शंका घ्यावी. शीटचा तुकडा दिवसभर उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून संध्याकाळी पाहावा. 'किती एमएम' एवढेच विचारू नये, वजनही विचारावे. ५० बाय ८० सेंटिमीटरची शीट म्हणजे ०.४ चौरस मीटर. ती १.३ किलो भरली तर प्रति चौरस मीटर सव्वातीन किलो झाले. दोन मिलिमीटरच्या ब्युटाइल शीटचे वजन साधारण याच आसपास असते. दोन दुकानांच्या भावाची तुलना प्रति शीट करण्यापेक्षा प्रति चौरस मीटर करावी, कारण शीटचे आकार वेगवेगळे असतात.

अख्खी गाडी मढवायलाच हवी का?

नाही. या व्यवसायात ग्राहकाचे सर्वाधिक पैसे जातात ते इथे. थरथर थांबवण्यासाठी पत्र्याचा प्रत्येक इंच झाकावा लागत नाही. घंटेवर एक तळहात पुरतो, दोन्ही हातांनी ती लपेटावी लागत नाही. मोठ्या सपाट पत्र्याच्या मध्यभागी, क्षेत्रफळाच्या पाव ते निम्म्या भागावर शीट लावली की बहुतांश फायदा मिळतो. त्यापुढे खर्च आणि वजन वाढत जाते, फायदा मात्र तेवढा वाढत नाही. बोटाच्या सांध्याने पत्रा वाजवून पाहावा. 'टण' असा घुमणारा आवाज आला तिथे शीटची गरज आहे, 'ठक' असा बसका आवाज आला तिथे नाही.

वजनाचा हिशोबही मांडावा. चार दरवाजे, तळ, डिकी आणि टप मिळून नऊ-दहा चौरस मीटर शीट लागली तर ती ३० किलोच्या घरात जाते. त्यावर तळाला तीन चौरस मीटर जड व्हिनाइल, प्रति चौरस मीटर पाच किलोने, म्हणजे आणखी १५ किलो. गाडीत एक शाळकरी मुलगा कायमचा बसवल्यासारखे ते झाले. आठ-नऊशे किलोच्या लहान गाडीसाठी हे वजन पाच टक्क्यांच्या आसपास जाते. ते इंधनात आणि चढावर जाणवते.

जड थराबाबत आणखी एक गोष्ट. वजन दुप्पट केले की अडथळा साधारण सहा डेसिबलने वाढतो. पण फट राहिली तर हे सगळे गणित कोसळते. एखाद्या भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी असेल, तर उरलेली भिंत कितीही जड केली तरी एकूण अडथळा २० डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणूनच दरवाजाचे फाटलेले किंवा चपटे झालेले रबरी बीडिंग बदलणे हा पुष्कळदा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. दरवाजा आणि चौकट यांच्यामध्ये कागदाचा कपटा धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला तर बीडिंग तिथे बसत नाही, असे समजावे.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवता येईल. आधी टायर आणि बीडिंग. मग चाकांवरच्या कमानी, कारण टायरचा आवाज तिथूनच शिरतो. मग दरवाजे, त्यानंतर डिकी आणि तळ. पावसाचा टपावरचा ताशा असह्य होत असेल तर टपाच्या मध्यभागी दोन-चार पट्ट्या. एका टप्प्याने समाधान झाले तर पुढच्यावर खर्च करण्याचे कारण नाही.

कार्पेटचा प्रश्न इथे वेगळा का?

कारण इथे पाणी येते. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते दृश्य देशाने पाहिले. त्याच पुरात उल्हास नदीकाठच्या वसाहतींतल्या तळमजल्यांवर आणि वाहनतळांत पाणी शिरले, त्याची तेवढी चर्चा झाली नाही. २६ जुलै २००५ चा अनुभव त्याआधीचा. जुलै २०२१ मध्येही नदीकाठी तेच घडले. बदलापुरात हेंद्रेपाडा, रमेशवाडी या भागांतल्या रहिवाशांना नदीची इशारा पातळी आणि धोका पातळी तोंडपाठ असते. अंबरनाथ-उल्हासनगरात वालधुनी फुगली की सखल भागांत तीच धावपळ होते.

पाणी गाडीच्या उंबरठ्यावरून आत आले की ते कार्पेटवर थांबत नाही. कार्पेटखालचा जाड थर ते स्पंजासारखे पितो. वरचे कार्पेट दोन दिवसांत कोरडे लागते, खाली मात्र महिनाभर पाणी राहते. बहुतेक गाड्यांमध्ये विजेच्या तारांचे जुडगे याच थराखालून किंवा उंबरठ्याच्या पट्टीखालून जातात आणि काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक सीटखाली असतात. जोडण्यांवर हिरवट गंज चढतो आणि तीन-चार महिन्यांनी एखादा दिवा उगाच लागतो, काच खाली होत नाही, एअरबॅगचा इशारा दिसतो. तोवर पुराशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

पुराशिवायही ओल येते. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तर ते पाणी बाहेर न पडता पुढच्या प्रवाशाच्या पायाशी झिरपते. पावसाळाभर ओले बूट, छत्र्या आणि रेनकोट आत येतच असतात. बुरशीचा कुबट वास हा दम्याचा त्रास असलेल्या मुलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी नुसता वास नसतो.

मग कोणता धागा, कोणता थर?

कापडाच्या जगात एक मोजमाप वापरतात. कोरडा धागा दमट हवेतून वजनाच्या किती टक्के ओल धरून ठेवतो, याचे ते प्रमाण असते. तागासाठी ते १३.७५ टक्के, कापसासाठी ८.५ टक्के, नायलॉनसाठी साधारण चार टक्के आणि पॉलिएस्टरसाठी अवघे ०.४ टक्के धरतात. पॉलिप्रॉपिलीन जवळपास काहीच ओल घेत नाही. एवढ्या एका ओळीवरून निम्मा निर्णय होतो.

ताग आणि कापडाच्या कातरणांचा नमदा आवाज उत्तम शोषतो, स्वस्त असतो आणि टाकाऊ कापडाचा चांगला उपयोगही करतो. पण कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तो ओल धरतो आणि भिजला तर लवकर सुकत नाही. कोरड्या प्रदेशात तो योग्य आहे, नदीकाठी नाही. इथे त्याऐवजी पॉलिएस्टरचा नमदा घ्यावा. त्याचा धागा पाणी पीत नाही, धाग्यांमधले पाणी झटकता आणि वाळवता येते.

वरच्या कार्पेटमध्ये नायलॉन झिजेला सर्वांत टिकाऊ, पण महाग. सुयांनी ठोकून केलेले, न विणलेले पॉलिएस्टर कार्पेट बहुतेक लहान गाड्यांत असते. ते गाडीच्या तळाच्या आकारात साच्यात घडवलेले असेल तर सुरकुत्या पडत नाहीत आणि खाली पोकळी राहत नाही. पॉलिप्रॉपिलीन ओल घेत नाही, मात्र घासून त्याचा लव लवकर बसतो आणि उन्हात तो कमकुवत होतो.

उल्हासनगरचा फर्निचर बाजार जवळच असल्यामुळे सोफ्याचा स्पंज आणि रेक्झिन गाडीत वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. सोफ्याचा स्पंज उघड्या छिद्रांचा असतो, पाणी आत खेचतो आणि कालांतराने त्याचा भुगा होतो. फोम लावायचाच तर बंद छिद्रांचा घ्यावा. पाण्याच्या बादलीत तुकडा तासभर दाबून ठेवावा आणि बाहेर काढून पिळावा. पाणी निघाले तर तो उघड्या छिद्रांचा. वजनकाटा असेल तर आधी-नंतरचे वजन पाहावे.

मात्र बंद छिद्रांचा फोमही तळाला गोंदाने सर्वत्र चिकटवू नये. तो स्वतः पाणी पीत नसला तरी त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये शिरलेले पाणी बाहेर पडू देत नाही. तोच प्रकार सध्या लोकप्रिय असलेल्या, अख्ख्या तळावर बसवल्या जाणाऱ्या रेक्झिन लॅमिनेशनचा. वरून ते झाडायला आणि पुसायला सोपे, दिसायला श्रीमंत. पण खाली मूळ कार्पेट तसेच असते आणि त्यात गेलेल्या पाण्याला वाट राहत नाही. पत्रा खालून गंजतो आणि वर सगळे चकचकीत दिसत राहते. या भागातल्या गाडीसाठी साधा नियम पुरेसा आहे. पत्र्याला पूर्ण चिकटलेली शीट चालेल, पण तिच्या वरचा प्रत्येक थर उचलून उन्हात टाकता आला पाहिजे. सर्वांत वर काठ उचललेले रबरी ट्रे-मॅट ठेवावे, म्हणजे रोजचे पाणी तिथेच अडते.

सुरक्षेच्या दृष्टीने काय तपासावे?

पहिली गोष्ट पेडल. चालकाच्या पायाशी एकावर एक दोन मॅट कधीही ठेवू नयेत आणि मॅट हुकात अडकलेले असावे. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटाला मॅट अ‍ॅक्सिलरेटरमध्ये अडकण्याच्या धोक्यामुळे सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत मोठी मोहीम हाती घ्यावी लागली. कार्पेटखाली जाड थर घातला की मॅट उचलले जाते आणि पेडलखालचे अंतर कमी होते. काम झाल्यावर अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबून, सोडून पाहणे हे ग्राहकाचे काम आहे.

दुसरी गोष्ट आग. गाडीच्या आतील साहित्य किती वेगाने जळावे यावर मर्यादा असते. अमेरिकेच्या नियमात ती मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे आणि भारतात आयएस १५०६१ हे मानक याच विषयाचे आहे. कारखान्यातून आलेले कार्पेट ही चाचणी देऊन आलेले असते. बाजारातल्या सुट्या फोमवर आणि मॅटवर तसा उल्लेख क्वचित दिसतो. दुकानदाराला तो विचारावा आणि बिलावर साहित्याचे नाव लिहून घ्यावे. घरगुती पॅकिंगचा फोम किंवा थर्माकोल तर गाडीत कुठेही घालू नये.

तिसरी गोष्ट झाकू नयेत अशा जागा. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्याची भोके असतात. ती बंद झाली की दार आतून सडते. तळातली रबरी बुचे, सीटबेल्टचे खिळे, एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या, छताच्या कडेला असलेल्या पडदा-एअरबॅगची जागा आणि काच खाली-वर जाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. सीएनजी गाडीत डिकीतल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हभोवतीची हवा बाहेर जाण्याची वाट शीटने किंवा कार्पेटने बंद करणे म्हणजे संकटाला आमंत्रण आहे. इंजिनाच्या बाजूने, विशेषतः सायलेन्सरजवळ, आतील वापराचे साहित्य लावू नये.

सीट काढण्याआधी बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबावे लागते, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत तेवढा वेळ वीज साठलेली असू शकते. तारांना कापून जोड दिला गेला तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. कार्पेट किंवा शीट लावल्याने नोंदणी पुस्तकातला तपशील बदलत नाही, म्हणून मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ चा प्रश्न सहसा येत नाही. पण सीटची संख्या किंवा रचना बदलली तर तो येतो.

फायदा झाला की नाही, हे कसे कळेल?

नवे काम झाले की मन कौल देतेच, म्हणून मोजावे. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे अ‍ॅप अचूक आकडा देत नाही, पण तुलना करायला पुरते. काम करण्याआधी आणि नंतर, तोच फोन त्याच जागी ठेवून, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, एसी आणि रेडिओ बंद ठेवून दोन-तीन मिनिटे मोजणी करावी. तीन डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी, पण कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. आवाज 'निम्मा झाला' असे वाटायला दहा डेसिबल घट लागते. 'गाडी पन्नास टक्के शांत होईल' असे आश्वासन देणाऱ्याला किती डेसिबल, कोणत्या वेगाला, एवढे विचारले तरी पुरे. चांगल्या कामातून प्रत्यक्षात दोन ते पाच डेसिबल मिळाले तर समाधान मानावे. आकड्यापलीकडचा एक फायदा खरा असतो. दार लावतानाचा पत्र्याचा खडखडाट जातो आणि प्लास्टिकची कुरकुर थांबते.

गाडी भिजलीच तर?

सर्वप्रथम इंजिन सुरू करून पाहू नये. फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि मगच गाडी ओढून न्यावी. बाहेरून बसवलेल्या वस्तू पॉलिसीत नोंदवलेल्या नसतील तर त्यांची भरपाई मिळत नाही, हे नूतनीकरणाच्या वेळीच लक्षात ठेवावे. गॅरेजमध्ये 'आतून ड्राय क्लीन करून देतो' एवढ्यावर भागवू नये. सीट काढून कार्पेट आणि त्याखालचा थर पूर्ण बाहेर काढायला सांगावे. पुराचे पाणी गटाराचे असते. त्यात भिजलेला तागाचा नमदा किंवा स्पंज धुऊन परत बसवू नये, टाकून द्यावा. पॉलिएस्टरचा थर धुऊन, कडक उन्हात वाळवून वापरता येतो. पत्रा कोरडा करून गंजरोधक लावावा आणि मगच वरचे थर घालावेत.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने याच ज्ञानाचा उलटा उपयोग करावा. पुरातून निघालेल्या गाड्या दिवाळीपर्यंत पॉलिश होऊन बाजारात येतात. चकचकीत नवे लॅमिनेशन आणि भरपूर सुगंध असेल तर जरा थांबावे. उंबरठ्याची पट्टी सैल करून कार्पेटचा कोपरा उचलून पाहावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांवरचा गंज, डिकीत स्टेपनीखालची माती आणि बंद गाडीतला वास या तीन गोष्टी सहसा लपत नाहीत. विक्रेता कार्पेट उचलू देत नसेल तर तेवढे उत्तर पुरेसे समजावे.

मग दोष कुणाचा?

सगळा भार ग्राहकावर टाकून चालणार नाही. सोफ्याच्या कापडाला, गॅसच्या नळीला, हेल्मेटला गुणवत्तेचे चिन्ह विचारणारा समाज गाडीच्या आत चिकटवल्या जाणाऱ्या थराबाबत मात्र काहीच विचारत नाही, कारण त्या पाकिटावर विचारण्यासारखे काही छापलेलेच नसते. साहित्य काय, वजन किती, किती तापमानाला टिकते आणि ज्वलनशीलतेची चाचणी झाली आहे का, या चार ओळी छापणे उत्पादकाला अवघड नाही. ते बंधनकारक व्हायला हवे. तोवर पक्के बिल घेणे आणि फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करणे, एवढे हातात आहे.

कुशल कारागीर या तिन्ही शहरांत कमी नाहीत. आपल्या गाडीला काय नको हे सांगणारा कारागीर मिळाला तर त्याच्या दोन तासांचे पैसे आनंदाने द्यावेत. शांत गाडी हवीच, पण जुलै महिन्यात तिचे कार्पेट उचलून खालचा पत्रा कोरडा दिसला, तरच ते काम चांगले झाले असे म्हणता येईल.